पुण्यात राहायला आलात? मग शहराच्या थोडं कामी या

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा लेकाकडे म्हणून पुण्यात आलेला माणूस दोन-चार वर्षांत इथलाच होऊन जातो. घर भाड्याचं असो की कर्जाचं, पाणी खडकवासल्याचं पितो, सकाळी टेकडी चढतो, आजारी पडला की इथल्याच दवाखान्यात जातो. मग कधीतरी वाटायला लागतं, आपणही या गावासाठी काहीतरी करावं. इथवर सगळं ठीक. घोटाळा पुढे होतो. चार मित्र जमतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, टी-शर्ट छापले जातात, एका रविवारी नदीकाठी हातात झाडू घेऊन फोटो काढले जातात आणि महिन्याभरात त्या ग्रुपवर सुप्रभातच्या संदेशांखेरीज काही उरत नाही.

नव्या माणसाला माझं सांगणं एवढंच असतं, की नवं काही काढू नका. या शहरात कामं आधीपासून चालू आहेत आणि ती करणारी माणसं दमलेली आहेत. तुमच्या हातून त्यांचं ओझं थोडं हलकं होतंय का, तेवढं पाहा. खाली जे लिहिलंय ते त्याच हिशोबाने लिहिलंय. सगळं करायला जाऊ नका. पहिलं सगळ्यांनी करायचं, बाकीच्यातलं एखादं धरा.

त्याआधी: तुम्ही कुणाच्या हद्दीत राहता?

प्रश्न साधा आहे, पण बरेच जण इथेच अडखळतात. पुणे महापालिका वेगळी, पिंपरी-चिंचवड महापालिका वेगळी, पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट वेगळे, आणि भोवतालच्या काही वस्त्या ग्रामपंचायतीत. वाकड आणि बालेवाडी यांच्यामध्ये फक्त मुळा नदी आहे, पण वाकड पिंपरी-चिंचवडचं आणि बालेवाडी पुण्याचं. चुकीच्या दारात केलेली तक्रार महिनोन्महिने पडून राहते आणि मग ‘काही होत नाही हो इथे’ म्हणायला आपण मोकळे.

मिळकतकराचं बिल पाहा. भाडेकरू असाल तर मालकाला किंवा सोसायटीच्या ऑफिसात विचारा. पुणे महापालिकेत असाल तर आपलं क्षेत्रीय कार्यालय कोणतं (अशी १५ आहेत) आणि आपल्या भागाची आरोग्य कोठी कुठे आहे, एवढं माहीत करून घ्या. सफाई कर्मचाऱ्यांची हजेरी जिथे लागते ती आरोग्य कोठी. तिथला मुकादम हा तुमच्या रस्त्याबद्दल आयुक्तांपेक्षा जास्त जाणतो.

दारातली बादली

पुण्याच्या बऱ्याच भागांत कचरा न्यायला ‘स्वच्छ’च्या ताई येतात. ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ निघाली, आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून तिने दारोदार कचरा गोळा करायला घेतला. आधी उकिरड्यात हात घालून भंगार वेचणाऱ्या बायका ओळखपत्र घेऊन दारात येऊ लागल्या. देशभरातले लोक हे पाहायला येतात आणि आपण मात्र दार उघडून न बघताच पिशवी पुढे करतो.

नव्या लोकांना बहुधा ठाऊक नसतं की या ताईंना महापालिकेचा पगार नसतो. घरटी दरमहा मिळणारं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून विकलं जाणारं भंगार यावर त्यांचं घर चालतं. म्हणजे तुम्ही उष्टी भाजी आणि वर्तमानपत्र एकाच पिशवीत कोंबलंत, तर तो कागद भिजला, विकण्याच्या लायकीचा राहिला नाही आणि त्याचे पैसे त्यांच्या हातून गेले. वर ती पिशवी हाताने उपसायची ती वेगळीच.

तेव्हा सुरुवात अशी करा.

ओल्याला एक डबा, सुक्याला एक गोणी किंवा मोठी पिशवी. ओल्या कचऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी लावू नका, डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद घाला. डबा तसाच ताईंच्या बादलीत रिकामा करता येतो.

दुधाची पिशवी कापताना टोक पूर्ण तोडून टाकू नका, पिशवीलाच लटकतं ठेवा. तो इवलासा तुकडा कुणालाच वेचता येत नाही, तो थेट गटारात जातो. पिशवी विसळून, वाळवून सुक्यात टाका. तेलाची पाकिटं आणि हॉटेलातून आलेले डबेही तसेच. बशी धुतल्यासारखं चकचकीत करायची गरज नाही, वास आणि मुंग्या येणार नाहीत एवढं पुरे.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल पेनाने ठळक ठिपका काढा आणि वेगळे द्या. ‘लाल ठिपक्या’ची ही मोहीम पुण्यातच सुरू झाली, कारण उघड आहे: पुडक्यात काय आहे हे उघडून पाहायची वेळ कुणावर येऊ नये. फुटलेली काच, ब्लेड, इंजेक्शनची सुई यांचंही तेच. जाड कागदात गुंडाळायचं आणि देताना तोंडाने सांगायचं, “ताई, यात काच आहे.” सेल, ट्यूबलाइट, उरलेला रंग, मुदत संपलेली औषधं ही घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. ओला, सुका आणि घातक असं वेगळं देणं २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केलं.

महिन्याचं शुल्क मागायची वेळ येऊ देऊ नका. सोसायटीच्या बैठकीत ‘कचऱ्याचे कसले पैसे’ असा सूर निघाला, की वरचा हिशोब समजावून सांगा. सांगणारा एक जण असला तरी सूर बदलतो, हे पाहिलेलं आहे. ताईंना हातगाडी लावायला आणि सुकं वेगळं करायला सावलीची जागा, हात धुवायला नळ, उन्हाळ्यात पाणी, एवढं द्या. सोसायटीला यात खर्च जवळपास काहीच नाही. पाटी लावून सुधारलेला माणूस मात्र मी पुण्यातही पाहिलेला नाही, त्यामुळे जिन्यात ‘कृपया कचरा वेगळा करा’ असं चिकटवून आपलं काम झालं असं समजू नका. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे चहाला जा.

कुणी ‘एवढं कशाला’ म्हणालंच, तर उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही नावं सांगा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं या गावांच्या उशाशी ओतला गेला. विहिरींचं पाणी बिघडलं, माशा आणि दुर्गंधी घराघरात शिरली आणि गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा गाड्या अडवाव्या लागल्या. ओला कचरा आवारातच जिरवणाऱ्या सोसायटीचा भार तेवढा कमी होतो. दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांना तर तो आवारात जिरवायचाच आहे. त्यांच्याकडे खताचं यंत्र असतं, फक्त ते बंद असतं. ते चालू आहे का, हे वार्षिक सभेत विचारा. सभेत लोक तुमच्याकडे रागाने बघतील, बघू देत.

तक्रार करणं हीसुद्धा सेवाच, नीट केली तर

फुटपाथवरचा उघडा चेंबर तुम्ही पाहिलात, चुकवलात आणि पुढे गेलात. मागून येणाऱ्या आजोबांना तो दिसेलच असं नाही. पुणे महापालिकेचं ‘पीएमसी केअर’ आणि पिंपरी-चिंचवडचं ‘सारथी’ या तक्रार नोंदवायच्या सोयी याचसाठी आहेत. वीज महावितरणची, तिथे १९१२.

एका तक्रारीत एकच गोष्ट लिहा. खड्डा, बंद दिवा आणि राडारोडा एकत्र लिहिलात तर तीन खाती एकमेकांकडे बोट दाखवतील. फोटो दोन काढा, एक जवळून आणि एक लांबून, ज्यात दुकान, मंदिर, बसथांबा असं काहीतरी ओळखीचं दिसेल. दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असेल तर तो लिहा, विद्युत विभागाच्या माणसाला त्याहून नेमका पत्ता नाही. भाषा कोरडी ठेवा. ‘झोपा काढता काय’ असं लिहिल्याने खड्डा बुजत नाही.

तक्रार क्रमांक जपून ठेवा. काम न होताच ‘निकाली’ असा संदेश येतो, हा सगळ्यांचा अनुभव. अशा वेळी त्याच जागेचा त्या दिवसाचा फोटो जोडून तक्रार पुन्हा उघडायची. आणि काम झालं तर आभाराचं एक वाक्य पाठवा. फार कमी लोक पाठवतात, त्यामुळे ते लक्षात राहतं आणि पुढच्या वेळी तुमचा फोन उचलला जातो.

प्रभागातलं एक बाक, एक दिवा

पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. भारतात हे करणारं पुणे हे पहिल्या शहरांपैकी. आपल्या प्रभागातलं पाच लाखांपर्यंतचं लहान काम साध्या अर्जावर सुचवता येतं: तुटलेला पदपथ, बसथांब्याला शेड, अंधाऱ्या बोळात दिवा, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती, बागेत बाकं. अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि निवडलेली कामं पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येतात.

अर्ज बाद होण्याची कारणं ठरलेली असतात. जागा खासगी निघते, काम मोठं असतं, नाहीतर ‘परिसराचा विकास करावा’ असं मोघम लिहिलेलं असतं. त्यामुळे जागा नेमकी लिहा, शक्य असेल तर कनिष्ठ अभियंत्याला आधी विचारून घ्या, आणि त्याच जागेसाठी शेजारच्या चार घरांनीही आपापले अर्ज भरले तर चांगलं. अंदाजपत्रक जाहीर झालं की आपल्या प्रभागाचं पान उघडून काम आलंय का ते बघा. यादीत येऊनही वर्षभर काम सुरू होत नाही, असंही घडतं. तेव्हा यादीची प्रत घेऊन नगरसेवकांकडे जायचं. २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होऊन जवळपास चार वर्षांनी महापालिकेत पुन्हा नगरसेवक आलेत, आणि एका प्रभागात चार (एका ठिकाणी पाच) असल्याने एकाने टाळलं तर दुसरा आहे.

टेकडीवर जाता, तर एक बाटली जास्त न्या

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती. पुणेकराला टेकडी म्हणजे घराची गच्चीच वाटते. तिथे उन्हाळ्यात झाडांना पाणी घालणारी मंडळी तुम्हाला रोज भेटतील. बहुतेक निवृत्त, पायात कापडी बूट, पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या जुन्या बाटल्या. त्यांच्याशी बोला. कोणती रोपं यंदाची, कोणत्या आळ्यांना पाणी लागतं, कुठलं पाणी कुठे भरायचं, हे त्यांना पाठ असतं. तुम्ही एक लिटर जास्त नेलंत तरी फेब्रुवारी ते मे या काळात एक रोप जगतं.

स्वतःहून रोप लावायला मात्र जाऊ नका. वाढदिवसाला टेकडीवर वड-पिंपळ लावायची हौस अनेकांना असते. एक तर जमीन वन खात्याची, परवानगी लागते. दुसरं असं, की या टेकड्यांचा बराच भाग मुळात गवताळ आणि विरळ झाडांचा आहे. तिथे मोई, सालई, धावडा, खैर, पळस, काटेसावर अशी कातळावर तग धरणारी झाडं हवीत, आणि काही ठिकाणी तर गवतच हवं, कारण जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथे असतात. पूर्वी लवकर हिरवं दिसावं म्हणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे बाहेरचं झाड भरमसाट लावलं गेलं. त्याच्याखाली इथलं दुसरं फारसं काही उगवत नाही आणि पक्षीही त्याच्याकडे विशेष फिरकत नाहीत. हिरवं दिसतं, एवढंच. लावण्यापेक्षा लावलेलं जगवणं कष्टाचं आणि उपयोगाचं.

संक्रांतीनंतर गवत वाळलं की वणवे सुरू होतात. बहुतेक माणसाने लावलेले: फेकलेली विडी, कुणीतरी पेटवलेला पालापाचोळा, कधी नुसती मस्ती. धूर दिसला तर अग्निशमन दलाला १०१ वर आणि वन खात्याला १९२६ वर फोन करा, आणि जागा सांगताना जवळचं मंदिर, खाण, टॉवर असं काहीतरी सांगा. ‘टेकडीवर आग लागलीय’ एवढ्यावर गाडी येते पण भलत्याच वाटेने. स्वतः विझवायला धावू नका, वारा फिरला की वाळकं गवत विचार करायला वेळ देत नाही.

रस्त्यावरच्या झाडांसाठी एक छोटं काम कुणालाही जमतं. बुंध्याला अगदी भिडवून काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक बसवलेले दिसले, जाहिरातीच्या पाट्या खिळ्यांनी ठोकलेल्या दिसल्या, तर फोटोसह उद्यान विभागाला कळवा. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडायला परवानगी लागते, तेव्हा करवतीचा आवाज आला की खाली उतरून ‘परवानगीचं पत्र दाखवता का?’ असं शांतपणे विचारा. पत्र असेल तर वाद नको, परत या.

रक्त द्या, पण मे महिन्यात

जयंत्या, पुण्यतिथ्या आणि नेत्यांचे वाढदिवस यांना शहरात रक्तदानाचे मांडव पडतात. चांगलंच आहे. पण रक्त साठवून ठेवता येतं ते जेमतेम पाच-सहा आठवडे, आणि प्लेटलेट तर पाचच दिवस. एका दिवशी शेकडो पिशव्या आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीत, दिवाळीत, कॉलेजं बंद असताना टंचाई, असं दरवर्षी होतं. तेव्हा मांडवाची वाट न पाहता सुट्टीच्या दिवसांत सरळ रक्तपेढीत जा. ससून रुग्णालय १८६७ पासून उभं आहे आणि तिथे आसपासच्या जिल्ह्यांतूनही गरीब रुग्ण येतात. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यावं. नाश्ता करून जा.

लेखनिक व्हा

हे काम मला यादीत सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि याची माहिती सगळ्यात कमी लोकांना असते. पुण्यात शिकायला येणाऱ्या अंध विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे, आणि प्रत्येक परीक्षेला त्यांना उत्तरं लिहून देणारा माणूस लागतो. पेपर सकाळी अकराचा, म्हणजे ऐन नोकरीच्या वेळेचा. आदल्या रात्री लेखनिकाने ‘जमत नाही’ असं कळवलं, की त्या मुलाचं वर्ष टांगणीला लागतं.

अंधांसाठी काम करणारी संस्था किंवा जवळच्या कॉलेजचं कार्यालय गाठा आणि नाव नोंदवा. नियम आधी विचारून घ्या, ते परीक्षेनुसार बदलतात. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं अशी अट बऱ्याच ठिकाणी असते, त्यामुळे दहावीच्या पेपराला तुम्ही नाही, तुमची नववीतली मुलगी चालेल. ओळखपत्र आणि फोटो आधी द्यावे लागतात. तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. पुढचं काही ठरवून ठेवू नका.

पेपराच्या दोन-तीन दिवस आधी विद्यार्थ्याला भेटा. त्याचा बोलण्याचा वेग, तुमचं अक्षर, विषयातले अवघड शब्द, सगळं एकदा करून पाहा. परीक्षेत प्रश्न पूर्ण वाचून दाखवा, गुणांसकट. तो जे बोलेल तेच लिहायचं, चुकीचं वाटलं तरी. सुधारून लिहिणं ही मदत नाही, ती कॉपी आहे, आणि पकडलं तर शिक्षा त्याला होते. दर तासाला किती वेळ उरला ते सांगा. तुमची सुट्टी जाईल, बोटं दुखतील. तो पास झाला की फोन येईल.

इतकं बांधून घ्यायचं नसेल तर वाचनालयाचं सभासद व्हा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. अशा संस्थांना आज देणगीइतकीच सभासदांची गरज आहे. घरातली जुनी पुस्तकं द्यायची असतील तर आधी यादी पाठवून विचारा. बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडं आणि वाळवी लागलेले दिवाळी अंक नेऊन टाकणं म्हणजे आपली अडगळ त्यांच्या दारात.

गणपतीत

मूर्ती शाडूची आणि लहान घ्या, घरीच बादलीत विसर्जन करा आणि ती माती कुंडीत घाला. पीओपीची मूर्ती आणलीच असेल तर पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेला मार्ग आहे: मूर्ती बुडेल एवढं पाणी, त्यात साधारण मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट, आणि अधूनमधून ढवळणं. दोन-तीन दिवसांत मूर्ती विरघळते. वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, भरपूर पाणी मिसळून झाडांना घालता येतं. ही पावडर महापालिकेने क्षेत्रीय कार्यालयांतून फुकट वाटलेली आहे, तेव्हा आठवडाभर आधी चौकशी करा. उग्र वास सुटतो, बादली बाल्कनीतच ठेवा. निर्माल्यातून दोरा, थर्माकोल, प्लॅस्टिकची फुलं काढूनच ते कलशात टाका. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रस्ते झाडायला उतरणाऱ्यांना तेवढंच कमी वेचावं लागेल.

उरलेलं, थोडक्यात

रस्त्यावर अपघात दिसला तर १०८ ला फोन करा आणि थांबा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, त्याच्यावर दावाही होत नाही. ‘पोलिसांचं लचांड नको’ हे कारण आता उरलेलं नाही.

पत्ता बदलला असेल तर मतदार यादीसाठी नमुना ८ भरा, पहिल्यांदाच नाव घालत असाल तर नमुना ६. गावाकडे मत आणि पुण्यात तक्रारी, हे जुळत नाही.

आणि जे पुण्यात फ्लॅट घेऊन आता न्यू जर्सीत किंवा दुबईत आहेत, त्यांच्यासाठी. बंद घराच्या बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या, उघडी टाकी, कूलर यांतल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो आणि चावतो शेजारच्या नातवाला. किल्ली विश्वासू माणसाकडे ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकायला सांगा. मिळकतकर एप्रिल-मेमध्येच भरून टाका, सवलतही मिळते.